पंधराशेच्या आत

नवी पेठेत इरण्णाच्या दुकानात
काचेवर तीन डबे उघडे पडलेत.
एक सातशे नव्वदचा, एक बाराशेचा,
आणि एक अठराशे पन्नासचा,
ज्याच्याकडे मी बघतच नाहीये असं दाखवतोय.
खिशात पंधराशे. त्यातले चाळीस रिक्षाचे.

"बेस पायजे ना? घे बे हे,
डोकं हलतंय नुसतं," इरण्णा म्हणतो.
डब्यावरही तेच लिहिलंय, ज्वाळांच्या अक्षरांत.
डोकं हलवणारा बेस मला ठाऊक आहे, इरण्णा.
मिरवणुकीच्या रात्री अशोक चौकात
ट्रकवर रचलेल्या भिंतीसमोर उभा राहिलोय मी,
बरगड्यांवर कुणी पाट आपटत असल्यासारखा.
मला हवाय तो खालून येतो.
आधी तळपायांना कळतो,
कानांना मागाहून निरोप.

सातशे नव्वदवाला लावला.
सगळं गाणं गोधडीखाली.
बाई गातेय की भांडतेय, पत्ता लागेना,
आणि बेस सुजलेला,
दाढदुखीच्या गालासारखा.

नायना बाहेर स्टुलावर बसलेले.
दवाखान्यातून परतताना माझ्यासोबत आलेले.
चौतीस वर्षं लूमवर.
त्यांच्या कानांतून आधी चिमण्या गेल्या,
मग कुकरची शिट्टी,
मग अम्माच्या हाका, ती वरच्या पट्टीत बोलते म्हणून.
खालचं अजून शिल्लक आहे:
ट्रकचं इंजिन, पिठाची गिरणी,
आवाज फुटल्यानंतरचा मी.

म्हटलं, बघा की जरा.
त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.
दोन्ही वाट्या तळहातांनी धरल्या,
लूमच्या अंगाला हात लावून ऐकायचे तशा.
इरण्णा हसला, मालकांना काय कळणार ह्यातलं.

"पट्टा ढिला आहे," नायना तेलुगूत म्हणाले.
"ठोका पडतो आणि मग लांबत जातो.
असा लूम कापड खातो."
आणि सातशे नव्वद बाजूला सरकवला.

बाराशेच्यावर मान एकदाच हलली, बोटं मांडीवर चालू लागली.
अठराशे पन्नासचा त्यांनी सगळ्यात जास्त वेळ ऐकला.
मी विचारलं नाही.
स्वतःच काढून ठेवला, म्हणाले, "जड आहे."
डोक्याला की कशाला, तेही मी विचारलं नाही.

अकराशेला तुटलं. वायर वर फुकट.
इरण्णा म्हणाला, सहा महिन्यांत काय झालं तर ये,
पाण्यात पाडलास तर येऊ नको.

घरी अम्मानं विड्यांचं सूप खाली ठेवलं,
गाद्या दाबून बघितल्या, नख लावून बघितलं.
"रेक्झीन आहे. मेपर्यंत सोलून निघेल,
कान उकडतील तुझे बटाट्यासारखे."
कारखान्यातून आलेल्या फॉल्टी टॉवेलची दोन वर्तुळं कापली,
आत इलॅस्टिक, कडेला निळा दोरा.
आता त्यावर अर्धवट मोर आहे,
डाव्या कानावर पिसारा, उजव्यावर नुसते पाय.

टेरीतून थोडा बेस गळतो, हे खरं आहे.
कापड लावलं की सील सुटतं.
मी वाट्या जरा दाबून धरतो, तेवढं भागतं.
तौफिक म्हणाला, घाल की रेक्झीनच, लाज वाटत नाही का मोराची?
त्यानं लावून बघितला, दोन गाणी झाली तरी देईना.

रात्री अकराला नायनांनी हात पुढे केला.
गॅलरीत, भिंतीला टेकून, टोपी मांडीवर.
मी फोनवर ते लांबलचक लावलं,
ज्यात शब्दच नाहीत,
नुसता खालचा ठोका येतो, जातो, जरा उशिरा येतो.
पायाचा अंगठा फरशीवर हलत होता.
मधेच एक कान उघडा करून त्यांनी विचारलं,
"कोण वाजवतंय हे?"
म्हटलं, "कुणी नाही, नायना. मशीन आहे."
"ते कळलं," ते जरा चिडूनच म्हणाले,
"मशीनवर कोण आहे?"

नाव शोधायला मी फोन हातात घेतला.